वाडीवरच्या शाळेतून शिक्षकांचं शिकतं वर्तुळ कसं उभं करावं

रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडातल्या वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळांत दोन शिक्षक आणि चार इयत्ता हे नेहमीचं चित्र. वर्गात काही अडलं तर विचारायला शेजारचे गुरुजी किंवा बाई, आणि त्याही पंचायत समितीत बैठकीला गेल्या असतील तर कुणीच नाही. पुढची शाळा समोर दिसते, पण मध्ये खाडी असली की रस्त्याने मोठा वळसा. मोबाइल मात्र प्रत्येकाच्या खिशात आहे आणि त्यात शिक्षकांचे डझनभर गट आहेत. तरीही ‘तिसरीला हातच्याची वजाबाकी वहीवर जमत नाही’ हे विचारायला जागा सापडत नाही, कारण ते गट माहिती मागवण्यासाठी आणि पत्रं पोचवण्यासाठी बनलेले असतात.

पर्सनल लर्निंग नेटवर्क, बोलण्यात पीएलएन, म्हणजे शिकण्यासाठी तुम्ही स्वतः निवडून जोडलेली माणसं. त्याचा गटांच्या संख्येशी किंवा फॉलोअरशी संबंध नाही. कोणती अडचण आली की कुणाला विचारायचं हे माहीत असणं, आणि त्या माणसाला तुम्हाला उत्तर द्यावंसं वाटणं, एवढंच त्याचं मोजमाप. वीस-पंचवीस माणसं पुरतात.

आधी प्रश्न, मग ॲप

बहुतेकांची सुरुवात उलटी होते: कुणीतरी लिंक पाठवतं, आपण गटात शिरतो आणि मग त्यात काय मिळतंय ते पाहतो. त्याऐवजी या सत्रातल्या वर्गातल्या तीन अडचणी कागदावर लिहा. ‘गणित सुधारायचं’ ही अडचण नव्हे, ती इच्छा झाली. ‘पहिली आणि दुसरी एकत्र बसतात, पहिलीला अक्षर शिकवताना दुसरी अर्धा तास मोकळी राहते’ ही अडचण. ‘कातकरी वाडीवरची चार मुलं घरची भाषा बोलतात, पाठ्यपुस्तकातली भाषा त्यांना परकी आहे’ ही अडचण. ती जितकी नेमकी, तितका योग्य माणूस लवकर सापडतो.

मग प्रत्येक अडचणीसमोर तीन-चार नावं लिहा. ओळखीची नावं आठवत नाहीत असं वाटतं, पण ती असतात: डी.एड.ची बॅच, आधीच्या केंद्रातले (जवळच्या शाळांच्या गटातले) सहकारी, प्रशिक्षणात शेजारी बसलेल्या बाई, गटसाधन केंद्रातले विषयतज्ज्ञ, डाएटचे, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेचे, अधिव्याख्याते. कोकणात आणखी एक मोठी सोय आहे, तिचा उपयोग फार कमी होतो. इथे घाटावरून, मराठवाड्यातून, विदर्भातून आलेले शिक्षक बरेच आहेत. त्यांचे मित्र त्यांच्या मूळ जिल्ह्यात शिकवतात. तुमच्या केंद्रातल्या एका परजिल्ह्यातल्या गुरुजींमुळे तुम्हाला तिथल्या पाच शाळा जोडता येतात. उलट त्यांना इथल्या मुलांची मालवणी किंवा संगमेश्वरी बोली कळायला स्थानिक बाईंचा एक मिनिटाचा आवाजी संदेश पुस्तकापेक्षा जास्त उपयोगी पडतो. देवाणघेवाण इथूनच सुरू करा.

गटांची साफसफाई

नवीन काही जोडण्याआधी जुनं आवरायला हवं. व्हॉट्सॲपमधले गट दोन ढिगांत वाटा. पहिल्यात कार्यालयीन: केंद्र, बीट (काही केंद्रं मिळून), तालुका, शालेय पोषण आहार, यू-डायस (शाळांची माहिती भरायची सरकारी प्रणाली). हे सोडता येत नाहीत. दिवसातून ठरलेल्या दोन वेळी पाहायचे. दुसऱ्यात शिकण्याचे. जे दोन्हींत बसत नाहीत ते कायमचे म्यूट करून अर्काइव्हमध्ये टाका. शिकण्याचं मुख्य वर्तुळ वर पिन करा. तीन चॅट पिन करता येतात, त्यातलं एक यासाठी राखा. लिस्टची सोय दिसत असेल तर ‘शिकणं’ नावाची यादी करून हे गट आणि माणसं त्यात ठेवा.

सेटिंगमध्ये प्रायव्हसीखाली ‘ग्रुप्स’ आहे. तिथे ‘माय कॉन्टॅक्ट्स’ ठेवलं की अनोळखी माणूस तुम्हाला परस्पर गटात ओढू शकत नाही. हे आजच करा, बाईंनी तर नक्कीच. व्हॉट्सॲप गटात तुमचा नंबर सगळ्यांना दिसतो आणि हजार माणसांच्या गटात तो कुणाकुणाकडे जाईल हे सांगता येत नाही.

कोणतं ॲप कशासाठी

व्हॉट्सॲप जवळच्या वर्तुळासाठी. पंधरा माणसांपर्यंत ते उत्तम चालतं. गटात १,०२४ जण बसू शकतात म्हणून तितके भरू नयेत. पन्नासच्या पुढे बहुतेक जण नुसते वाचक होतात, कारण चुकीचं काही लिहिलं तर किती जण पाहतील याची भीती वाटते.

टेलिग्राम साठवणीसाठी. नव्याने आलेल्यालाही मागचं सगळं दाखवायची सोय आहे, नंबर लपवता येतो, दोन जीबीपर्यंतची फाइल जाते आणि हॅशटॅगने जुनं शोधता येतं. व्हॉट्सॲपवर आलेली फाइल वेळेत उतरवली नाही तर महिन्याभराने ‘पुन्हा पाठवा’ म्हणावं लागतं. बदलीने शिक्षक येत-जात राहतात तिथे हा फरक मोठा आहे.

फेसबुकचे गट राज्यभरातल्या अनोळखी शिक्षकांपर्यंत पोचायला बरे. तिथे आधी दोन आठवडे नुसतं वाचा. कोण स्वतःच्या वर्गातलं लिहितं आणि कोण इकडचं उचलून तिकडे टाकतं हे तेवढ्यात कळतं. पहिल्या प्रकारची चार-पाच माणसं निवडा, त्यांच्या पोस्टवर नेमका प्रश्न विचारा आणि उत्तर आलं तर त्यांच्याशी स्वतंत्र बोला. गट हे फक्त माणसं शोधायचं ठिकाण.

यूट्यूब पाहण्यासाठी, कृती कशी करायची हे लेखी सूचनेपेक्षा तिथे पटकन समजतं. वर्गात लावायचा व्हिडिओ मात्र आधी दीक्षा या सरकारी ॲपवर शोधा. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की त्या पाठाचं साहित्य थेट उघडतं, जाहिराती येत नाहीत.

एक्सचा, म्हणजे आधीच्या ट्विटरचा, उपयोग आपल्याकडे प्राथमिक शिक्षक फार करत नाहीत, पण तिथली एक पद्धत घेण्यासारखी आहे. २००९ साली काही शिक्षकांनी ट्विटरवर एडचॅट हा हॅशटॅग सुरू केला: ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, एकाच प्रश्नावर तासभर बोलायचं. दिवसभर सुटंसुटं बोलण्यापेक्षा हे टिकतं.

वर्तुळ बांधताना

बारा ते पंधरा जण घ्या. सगळे एकाच केंद्रातले नकोत, नाहीतर दुसऱ्या दिवसापासून कार्यालयाचे निरोप त्यात यायला लागतात. तीन-चार केंद्रांतले, शक्य तर दोन जिल्ह्यांतले, आणि त्यात एक-दोन घाटावरचे. अधिकारी मंडळींना या छोट्या गटात सुरुवातीला घेऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे. त्यांच्याबद्दल आदर आहेच, पण साहेब वाचतायत म्हटल्यावर ‘माझ्या वर्गात हे जमत नाही’ असं कुणी लिहीत नाही, आणि हेच लिहिलं जाणं सगळ्यात गरजेचं असतं.

गटाच्या डिस्क्रिप्शनमध्ये चार ओळी पुरतात: फक्त वर्गातलं; शुभेच्छा, राजकारण, बदल्या, पेन्शन इथे नाही; मुलांचे चेहरे आणि नावं नाहीत; ऐकून घेतलेलं साहित्य ‘वापरून पाहिलं नाही’ असं लिहूनच टाका. ॲडमिन दोघे ठेवा. एकच असला आणि त्याची बदली झाली किंवा फोन बिघडला की गट पोरका होतो.

आठवड्याला एक विषय पोलने ठरवा आणि बुधवारी रात्री साडेआठ ते सव्वानऊ अशी एकच वेळ पक्की करा. जून ते सप्टेंबर वीज आणि रेंज दोन्हींचा भरवसा नसतो, त्यामुळे पावसाळ्यात ‘बुधवार ते शुक्रवार कधीही उत्तर द्या’ अशी मुभा ठेवा. शुक्रवारी एकाने आलेल्या उत्तरांतल्या कामाच्या गोष्टी दहा ओळींत लिहून टाकायच्या. हे काम पाळीपाळीने करा. या दहा ओळी झाल्या नाहीत तर महिन्याभरात गट थंड पडतो, कारण ज्यांना त्या रात्री रेंज नव्हती त्यांना शंभर संदेश मागे जाऊन वाचायचा धीर नसतो.

प्रश्न कसा विचारावा

उत्तर मिळणं निम्मं प्रश्नावर अवलंबून. ‘वजाबाकीसाठी काही उपक्रम असेल तर पाठवा’ असं विचारलं की पाच पीडीएफ येतात आणि एकही उघडली जात नाही. त्याऐवजी असं लिहा:

‘इयत्ता तिसरी, मुलं ७, त्याच खोलीत चौथीची ५. ४२ − १७ सारख्या उदाहरणात चार मुलं ३५ लिहितात. काड्यांचे गठ्ठे वापरले. हातात काड्या असताना उत्तर बरोबर येतं, वहीवर आलं की पुन्हा ३५. काड्यांकडून वहीकडे कसं न्यायचं? वहीचा फोटो जोडला आहे, नाव झाकलं आहे.’

यात इयत्ता आहे, पट आहे, नेमकी चूक आहे, काय करून झालं ते आहे आणि एकच प्रश्न आहे. जाणकार माणसाला लगेच दिसतं की मूल प्रत्येक स्थानावर मोठ्यातून लहान अंक वजा करतंय: चारातून एक गेले तीन, सातातून दोन गेले पाच. मग उत्तरही नेमकं येतं: काड्या आणि वही यांच्यामध्ये चित्राची पायरी घाला. मुलाने चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या काढायच्या, एक गठ्ठा खोडून त्याच्या दहा सुट्या काड्या काढायच्या, आणि तो खोडल्याच क्षणी उदाहरणातला ४ खोडून ३, तर २ च्या जागी १२ लिहायचे. चित्र आणि अंक एकाच वेळी झाले पाहिजेत. आधी पूर्ण चित्र, मग पूर्ण उदाहरण असं केलं तर दुवा तुटतो आणि मूल परत ३५ वर येतं.

आठ दिवसांनी काय झालं ते त्याच संदेशाला रिप्लाय करून कळवा. ‘चारपैकी तिघांना जमलं, चौथ्याला दशक-एककच पक्कं नाही’ एवढं पुरे. हे न कळवणं ही वर्तुळ मोडण्याची सगळ्यात मोठी वाट आहे. उत्तर देणाऱ्याला आपली पंधरा मिनिटं कुठे गेली ते कळलं नाही की पुढच्या वेळी तो अंगठा दाखवून मोकळा होतो.

द्यायचं काय

नवे शिक्षक म्हणतात, आमच्याकडे देण्यासारखं काही नाही. कोकणातल्या शाळेच्या आवारात आणि परिसरात असलेलं बरंचसं घाटावरच्या वर्गांत फक्त पुस्तकात असतं. भरती-ओहोटी घ्या. बंदराच्या पायरीवर खडूने खूण करून मुलांनी सलग पाच दिवस भरतीची वेळ टिपली तर ती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकताना दिसते. तो तक्ता बुलढाण्याच्या पाचवीच्या वर्गासाठी मोलाचा आहे. कांदळवन, सड्यावरची कातळशिल्पं, वेळासची कासवांची घरटी, दशावताराचा मुखवटा रंगवताना, आंब्याचं कलम बांधताना: एकेक मिनिटाचा आवाज आणि तीन फोटो, बस्स.

दोन शाळांनी मिळून करायचा एक उपक्रम जरा सविस्तर सांगतो, कारण वर्तुळ खरोखर बांधलं जातं ते अशा कामाने. पाऊस मोजणे. विदर्भातली एक शाळा आणि आपली एक, जुलैचे पंधरा दिवस. दोन लिटरची सरळ अंगाची बाटली घ्या, वरचा निमुळता भाग कापून तो उलटा नरसाळ्यासारखा बसवा. तळ खोलगट-उंचवट्याचा असतो, म्हणून आधी तो बुडेल एवढं पाणी घाला आणि त्या पातळीवर शून्याची खूण करून तिथून वर मिलिमीटरची पट्टी चिकटवा. बाटली उघड्यावर, कौलांच्या पागोळीपासून आणि माडाच्या झावळ्यांपासून लांब, विटांमध्ये घट्ट उभी करा. रोज सकाळी साडेआठला मोजा. हवामान खात्याचं चोवीस तासांचं मोजमाप याच वेळी होतं. मोजल्यावर पाणी पुन्हा शून्यावर आणा.

चुका ठरलेल्या आहेत. मध्ये कमरेत आवळलेली बाटली घेतली की पाण्याची उंची आणि पाऊस जुळत नाही. आणि विदर्भातल्या गुरुजींना न सुचणारी गोष्ट इथल्यांनी लक्षात ठेवायची: जुलैत आपल्याकडे एका दिवसात २०० मिमी पडू शकतो, म्हणजे वीस सेंटिमीटर. बाटली तेवढी उंच नसेल तर ती भरून वाहते आणि मुलं कमी आकडा लिहितात. मोठ्या पावसात संध्याकाळीही एकदा मोजून ओता आणि दोन्ही आकडे मिळवा. दोन्ही शाळांचे आकडे रोज गटात टाकले की चौथीची मुलं स्वतःच स्तंभालेख मागतात. रत्नागिरीकडे वर्षाला साधारण ३,००० मिमी आणि नागपूरकडे हजाराच्या थोडा वर, हे वाक्य मग पाठ करावं लागत नाही.

दूरच्या वर्गाशी व्हिडिओ कॉल करायचा असेल तर विषय इतकाच मर्यादित ठेवा. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले, ज्यांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला, त्यांनी खेड्यातल्या शाळेतून परदेशातले वर्ग जोडून दाखवले. आपल्याला तेवढं लांब जायची गरज नाही, पण वाडीवरून हे होऊ शकतं हे त्यातून पक्कं झालं.

रेंज, डेटा आणि साठवण

व्हॉट्सॲपच्या ‘स्टोरेज अँड डेटा’मध्ये मोबाइल डेटावर फोटो, ऑडिओ, व्हिडिओ, डॉक्युमेंट यांचं आपोआप डाउनलोड बंद करा. व्हिडिओ गटात टाकू नका, यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ (लिंक असलेल्यालाच दिसेल असा) चढवून लिंक द्या. वहीचा किंवा फळ्याचा फोटो मात्र एचडीत पाठवा, नाहीतर अक्षर फाटतं. साधा खुलासा असेल तर मिनिटभराचा आवाजी संदेश. एका काडीच्या रेंजवरही तो जातो.

फाइलला नाव द्या: ‘इ३_गणित_वजाबाकी_हातचा’. ‘आयएमजी’ आणि पुढे आठ अंक असलेली फाइल दोन महिन्यांनी कुणालाच सापडत नाही. गुगल ड्राइव्हवर इयत्तावार फोल्डर करून ठेवा. मोफत जागा १५ जीबी आहे, पण ती जीमेल आणि फोटो यांच्यासकट, म्हणून लग्नाचे फोटो त्या खात्यावर नकोत.

खरं-खोटं आणि नियम

शासन निर्णय म्हणून आलेली पीडीएफ पुढे पाठवण्याआधी शेवटच्या पानावरचा १८ अंकी संकेतांक पाहा आणि तो राज्य शासनाच्या संकेतस्थळावर टाकून शोधा. जुलैतल्या मुसळधार रात्री ‘उद्या शाळांना सुट्टी’ची मागच्या वर्षीची पत्रं फिरतात, तारीख आणि जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश पाहिल्याशिवाय पालकांच्या गटात टाकू नका. होडीने येणारी मुलं त्यावर अवलंबून असतात. गटात आलेली एपीके फाइल (जी उघडली की फोनमध्ये ॲप बसतं) कधीही उघडू नका, नाव कितीही सरकारी असो. उघडली गेली आणि पैसे गेले तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तातडीने फोन करा.

मुलांच्या बाबतीत ढिलाई नको. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षणाचा २०२३ चा कायदा अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो. प्रवेशाच्या वेळी पालकांकडून लेखी संमती घ्या आणि तीही कशासाठी आहे ते लिहून. तरीसुद्धा फोटो हातांचा, वहीचा, पाठीमागून घ्या. गणवेशावरचं शाळेचं नाव, फळ्यावरची हजेरी, फोटोतलं लोकेशन तपासा. ‘हुशार’ आणि ‘मागे पडलेलं’ मूल ओळखू येईल असं काही गटात जाता कामा नये. तालुका लहान असतो, वाडीतल्या आईपर्यंत ते तासाभरात पोचतं.

स्वतःसाठीही मर्यादा आहे. जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांना १९६७ चे वर्तणूक नियम लागू आहेत, आणि जुलै २०२५ मध्ये सामान्य प्रशासन विभागाने समाजमाध्यमांच्या वापराबद्दल परिपत्रक काढलं. वैयक्तिक आणि कार्यालयीन खातं वेगळं ठेवा, शासनाच्या धोरणावर टीका आणि गोपनीय कागद टाकू नका. वर्गातल्या अडचणीवर बोलताना ‘हे कसं शिकवू’ इथपर्यंत राहिलात तर या नियमांना धक्का लागत नाही.

महिन्याची शिक्षण परिषद आणि मे महिना

मोबाइलवर जुळलेलं समोरासमोर आलं की घट्ट होतं. केंद्राच्या शिक्षण परिषदेत दहा मिनिटं मागून घ्या आणि वर्तुळातला एकच वापरून पाहिलेला उपक्रम साहित्यासह दाखवा. ज्यांना आवडेल ते स्वतःहून विचारतात. त्यांतले एक-दोन पुढचे सदस्य.

मे महिन्यात तीन गोष्टी करा. वर्षभरातल्या शुक्रवारच्या दहा-दहा ओळी एका फाइलमध्ये आणून ड्राइव्हवर ठेवा. वर्षभर एकदाही न बोललेल्यांना वेगळा फोन करून विचारा. अनेकदा ते वाचून वर्गात वापरत असतात, त्यांना काढू नका. आणि बदली झालेल्यांना गटातच ठेवा. दापोलीहून लातूरला गेलेल्या बाई आता तुमच्या लातूरच्या माणूस आहेत, आणि पुढच्या जुलैत पाऊस मोजायला तुम्हाला तिथली एक शाळा मिळाली.